कापूस वेचणीच्या हिशोबाचं ॲप: पहिल्या रिलीजला काय ठेवू, काय सोडू?

तापीकाठ · ६ जुलै, रात्री १०:४०

रामराम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. घरची नऊ एकर कपाशी, त्यातली पाच एकर ठिबकवर मे अखेरीस लावलेली. पोटापाण्याला सॉफ्टवेअरचं काम करतो, दोन वर्षं झाली पुणं सोडून घरूनच करतोय.

वेचणीच्या हिशोबाची वही आमच्याकडे आईकडे असते. शंभर पानी, उभी दुमडलेली, ताणकाट्याशेजारी कडुनिंबाच्या फांदीला पिशवीत टांगलेली. बाया गाठोडी घेऊन येतात, गाठोडं काट्याला लावायचं, आकडा वाचायचा, नावापुढे लिहायचा, पुढची. चौदा बाया, दिवसातून दोन वजनं. बाजाराच्या आदल्या रात्री आई अकरापर्यंत बेरजा करत बसते, त्यात कुणाची पाचशे उचल, कुणाची दोनशे, कुणी मधला एक दिवस आलीच नाही. गेल्या हंगामात एका काकूंचा अख्खा दिवस लिहायचा राहिला, त्या म्हणे मी आले होते, आई म्हणे वहीत नाही, शेवटी शेजारच्या ओळीतल्या बाईने सांगितलं तेव्हा पैसे दिले. पैसे दिले पण त्या काकू परत आमच्या वावरात आल्या नाहीत. ते माझ्या मनातून जात नाही, आणि तिथूनच या ॲपचं डोक्यात आलं.

आम्ही तिघं आहोत. मी, माझा मावसभाऊ (डिझाईन करतो) आणि धरणगावचा एक मित्र. तीन महिने रात्री बसून फीचरची यादी केली ती आता २७ वर गेलीय. नाव-वजन-दर-उचल हे तर आहेच, पण त्यात मग हवामान आलं, जिनिंगचे रोजचे भाव आले, फवारणीचा खर्च, ठिबकचं वेळापत्रक, मजुराचा फोटो, मजुराच्या फोनवर एसएमएस, यूपीआयने पैसे, मुकादमाचं वेगळं लॉगिन, बोलून नोंद, अहिराणीत ॲप, वर्षाचा नफातोटा, आणि बोंडअळीचा फोटो काढला की ओळखून सांगणार हे पण. प्रत्येक गोष्ट कुणीतरी मागितलेली आहे, आम्ही घरी बसून काढलेली नाही. पूर्वहंगामीची वेचणी सप्टेंबरात सुरू होते, म्हणजे हातात आठ आठवडे. दिवाळीनंतर आणलं तर अर्धा हंगाम गेला आणि मग कोणी वही सोडत नाही.

काय ठेवू, काय काढू? मनापासून सांगा, वाईट वाटणार नाही.

---

रातपाळी · ६ जुलै, रात्री ११:२५

मी भुसावळची, पुण्यात टेस्टिंग करते, अकरा वर्षं झाली. एक पद्धत सांगते, आमच्याकडे सगळे मॉस्को म्हणतात पण त्या शहराशी संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरं आहेत, डाय क्लेग नावाच्या माणसाने १९९४ च्या सुमारास मांडलेली. पाहिजेच, असावं, असलं तर बरं, आणि यावेळी नाही. चार ढीग. लोकांना पहिला ढीग आवडतो पण खरं काम चौथा ढीग करतो, कारण "यावेळी नाही" असं लिहून ठेवलं की रात्री दीड वाजता तुमचा मावसभाऊ हळूच हवामान परत घुसवत नाही. आणि "पाहिजेच"मध्ये एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही असा तिथे दंडक आहे, उरलेलं चुकांना आणि उशिराला लागतंच.

"पाहिजेच" ओळखायची खूण सोपी आहे. ती गोष्ट काढून टाका आणि विचारा, आई वही सोडेल का? हवामान काढलं तर सोडेल. उचल काढली तर नाही सोडणार, कारण उचल वहीतच राहिली की वजनं पण वहीतच राहतात, दोन ठिकाणी कोण लिहिणार.

मला एक सांगा तापीकाठ, ॲप उघडणारा माणूस त्या क्षणी कुठे उभा आहे आणि त्याचा कोणता हात मोकळा आहे? याचं उत्तर यादीत कुठेच दिसलं नाही.

---

कपाशीवाला · ७ जुलै, सकाळी ६:१०

भाऊ चांगलं काम हाती घेतलं. पण मी धरणगावकडचा साधा शेतकरी म्हणून सांगतो, भाव टाका. सकाळी उठल्यावर माणूस पहिलं काय बघतो तर भाव. खेडा खरेदीवाला दारात येतो आणि तोंडाला येईल तो भाव सांगतो, तेव्हा मोबाईलमध्ये काहीतरी दाखवायला पाहिजे. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता, मध्यम धाग्याचा ७७१०, आणि दारात त्याच्या खाली मागायचे. सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदीची नोंदणी पण ॲपमधूनच करता आली तर डोक्याचा ताप जाईल. नुसतं वजन लिहायला मी वही सोडणार नाही, खरं सांगतो. वहीला चार्जिंग लागत नाही.

---

तापीकाठ · ७ जुलै, सकाळी ९:०५

दादा, नोंदणीसाठी सीसीआयने स्वतःचंच कपास किसान ॲप २०२५ च्या हंगामापासून आणलंय. ते काम त्यांचं, आम्ही मध्ये शिरलो आणि कुणाची नोंदणी आमच्यामुळे अडकली तर त्याचा कापूस घरात पडून राहील, ती जोखीम घ्यायची आमची ऐपत नाही. भावाचं म्हणाल तर रोज सकाळी कोणीतरी बसून खरा भाव भरला पाहिजे, धरणगावचा वेगळा, चोपड्याचा वेगळा, बोदवडचा वेगळा. एक दिवस जुना भाव दिसला आणि त्यावर तुम्ही व्यवहार केला तर? व्हॉट्सॲप ग्रुपवर भाव मिळतोच, तिथे चुकला तर चारजण लगेच दुरुस्त पण करतात.

"वहीला चार्जिंग लागत नाही" हे मात्र लिहून भिंतीला लावलंय.

रातपाळी ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आई उभी असते, उजव्या हाताने गाठोडं स्थिर धरते नाहीतर काटा हलतो, डाव्या हातात वही. म्हणजे फोन डाव्या हातात आणि दाबायचा अंगठा डावाच. आणि ऊन समोरून. तीन महिन्यांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

---

जुनीवही · ७ जुलै, दुपारी ३:३०

मी एका जिनिंगमध्ये तेहतीस वर्षं दिवाणजी होतो, आता घरीच असतो. ॲपमधलं मला कळत नाही, वहीतलं कळतं तेवढं सांगतो.

वहीत चूक झाली की आम्ही आकडा खोडायचो, एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. खोडलेला आकडा वाचता आलाच पाहिजे असा आमच्या शेठजींचा नियम होता. खरवडून किंवा पांढरा रंग लावून आकडा बदलला तर वही उचलून फेकायचे. कारण समोरच्याला दिसतं ना, की आधी ४२ होतं आणि नंतर ३२ झालं, आणि कोणी केलं. दिसलं की तो विचारतो, विचारलं की बोलणं होतं, आणि बोलणं झालं की भांडण तिथेच मिटतं.

तुमच्या मोबाईलमध्ये ४२ चा ३२ केला तर ४२ कुठे जातो? माझ्या मुलाने मला हिशोबाचं एक ॲप दाखवलं होतं, त्यात आकडा बदलला की जुना गायब. असा हिशोब मी तरी मान्य करणार नाही आणि ज्याचे पैसे अडकलेत तो पण करणार नाही. तुमची सत्तावीस असू द्या नाहीतर सात असू द्या, ही एक त्यात पाहिजे.

---

तापीकाठ · ७ जुलै, दुपारी ४:१५

आबा, हे आमच्या २७ मध्ये नव्हतंच. आमच्याकडे "एडिट" आणि "डिलीट" अशी दोन बटणं होती, आणि डिलीट लाल रंगाचं, छान दिसत होतं. आज दोन्ही काढली. आता "दुरुस्ती" एकच, जुना आकडा रेघ मारून खाली राहतो, वेळेसकट. कोडच्या दृष्टीने पण सोपं पडलं, नोंदी फक्त वाढत जातात, पुसायच्या नाहीत.

---

अनेरकाठची · ७ जुलै, रात्री ९:५०

सगळं वाचलं. एक बाजू इथे कोणीच बोलली नाही म्हणून लिहितेय. माझी आई वेचणीला जाते, अजूनही जाते, मी बारावीपर्यंत दिवाळीच्या सुट्टीत तिच्यासोबत जायचे. आता नर्सिंग करतेय.

तुमच्या वहीत तुमची आई लिहिते. माझी आई काय करते माहितीये का, घरी आल्यावर चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारते. तिला आकडे लिहिता-वाचता येत नाहीत पण मोजता येतात. एका वर्षी एका शेतात (कोणाचं ते सांगत नाही) सकाळी १८.४ आलं की १८ लिहायचे, दुपारी २३.७ आलं की २३. वरचे पॉइंट सोडून द्यायचे, सगळ्या बायांचे. आई म्हणायची जाऊ दे, थोडंसंच आहे. मी तेव्हा आठवीत होते, मी हिशोब केला, एका बाईचा दिवसाला १ किलो १०० ग्रॅम, १० रुपये किलोने ११ रुपये. चौदा बाया धरा, १५४ रुपये. वीस दिवस वेचणी चालली तर ३०८० रुपये. एका बाईची आठवड्याची मजुरी तरी झाली ना.

तुम्ही ॲप केलं तर वही तुमच्याकडून तुमच्या फोनमध्ये जाईल. आमच्यासाठी काय बदललं? उलट वही टांगलेली असायची तेव्हा कोणी शिकलेली पोरगी सोबत असली की बघू तरी शकायची. फोन खिशात असतो, लॉक असतो.

म्हणून माझी मागणी एकच. वजन लिहिल्यावर ज्या बाईचं आहे तिला कळलं पाहिजे, तिथेच, त्याच वेळी. कसं ते तुम्ही ठरवा. आई काट्यासमोर उभी राहून रोज एकच विचारते, "मना कितला व्हयना?" आणि जे सांगतील ते धरून चालते.

---

रातपाळी · ७ जुलै, रात्री १०:३०

ताई तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तापीकाठ, माझ्या मते तुमच्या पहिल्या रिलीजचं काम इथे ठरलं. बाकी सगळं यापुढे मोजा.

एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेची गोष्ट आठवली. केनियात आधी त्याची चाचणी झाली ती छोट्या कर्जाचे हप्ते फोनवरून भरायला. लोकांनी चाचणीतच त्याचा वापर एकमेकांना पैसे पाठवायला सुरू केला, मग २००७ मध्ये बाजारात आणताना कर्जाचा गुंता बाजूला ठेवला आणि एकच सांगितलं, घरी पैसे पाठवा. शहरात कामाला गेलेला माणूस आणि गावातलं घर, दोन टोकं, मध्ये एक काम. इथे पण दोन टोकं आहेत, लिहिणारी आणि जिचं लिहिलं जातंय ती. तुमच्या सत्तावीसच्या सत्तावीस गोष्टी एकाच टोकाच्या होत्या (एसएमएस सोडून).

---

कपाशीवाला · ८ जुलै, सकाळी ६:०५

ताईचं दुःख खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ॲप डाऊनलोड कोण करणार, शेतकरी. त्याला काय मिळणार? रोज काट्यावर प्रत्येक आकड्याला वाद झाला तर अंधार पडेपर्यंत वजनं संपत नाहीत. सकाळी दव असलं की कापूस ओला येतो, तो वाळला की दोन किलोचं नुकसान आमचं, सीसीआय ८ टक्के ओलीच्या वर भाव कापतं आणि १२ च्या वर घेतच नाही, ते कोण भरून देणार? कोणी मुद्दाम पॉइंट सोडत नाही हो, त्यातच ओल धरलेली असते.

---

अनेरकाठची · ८ जुलै, सकाळी ७:४०

दादा, ओल कापायची असेल तर तोंडावर सांगून कापा. "आज ओला आहे, किलोमागे इतकं कापतोय." आई ऐकून घेते, तिलाही कळतं ओला कापूस जड लागतो. पॉइंट मात्र उन्हात वेचलेल्या दुपारच्या कापसाचे पण सुटतात ना, तो कुठे ओला असतो.

आणि शेतकऱ्याला काय मिळणार विचारलंत. ऑक्टोबरात मजूर मिळत नाही म्हणून तुम्हीच गाड्या पाठवता, सातपुड्याच्या पाड्यांवरून माणसं आणता. आमच्या गल्लीत आदल्या रात्री ठरतं कुणाच्या वावरात जायचं. दर सगळीकडे सारखाच असतो. मग कुठे जायचं हे कशावर ठरतं असं वाटतं तुम्हाला? काटा कुणाचा चोख आहे त्यावर.

---

कपाशीवाला · ८ जुलै, सकाळी ८:२०

हे मात्र खरं बोलली ताई. आमच्या शेजारच्याकडे बाया आपणहून येतात, आणि मला मुकादमाच्या मागे फिरावं लागतं. मी कधी या बाजूने बघितलं नव्हतं.

भाव राहू द्या मग यंदा. पण ओलीचं काहीतरी करा.

---

शिरपूरचा_अँड्रॉइड · ८ जुलै, दुपारी १:००

थोडं टेक्निकल लिहितो, कारण यात वेळ खाणाऱ्या जागा आहेत आणि मी त्यात एकदा दोन महिने घालवलेत.

एसएमएस पहिल्या रिलीजला अजिबात नको. भारतात ॲपकडून एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या पोर्टलवर) आधी संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग प्रत्येक मेसेजचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. तुम्ही तिघं, कंपनी नाही, आठ आठवड्यांत होणार नाही. त्याच कारणाने ओटीपी लॉगिन पण काढा. तसंही सातपुड्यात वैजापूरकडे वर गेलं की रेंज नसते, ओटीपी येईपर्यंत अंधार. लॉगिनच नको. फोनमध्येच डेटाबेस ठेवा, सगळं इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे.

पण मग फोन हरवला, पाण्यात पडला तर हंगामाचा हिशोब गेला. म्हणून बॅकअप पाहिजेच, क्लाऊड वगैरे नको, एक बटण ज्याने पूर्ण फाईल तयार होऊन व्हॉट्सॲपवर स्वतःला किंवा घरच्यांना जाते, आणि तीच फाईल दुसऱ्या फोनवर उघडली की सगळं परत. हे दिसायला किरकोळ आहे पण परत आणायचा भाग नीट तपासा, बहुतेक लोक पाठवणं करतात आणि परत आणणं विसरतात.

हिशोबाची पट्टी पीडीएफ करू नका. मराठी अक्षरं पीडीएफच्या बऱ्याच लायब्ररींमध्ये मोडतात, वेलांटी अक्षराच्या मागे जाते, "क्ष" फुटतो, "मिरची"ची "मरिची" दिसते. स्क्रीनवर जे दिसतं त्याचाच फोटो काढून पाठवा, फोनच अक्षरं नीट काढतो. जेपीजी सगळ्यांना उघडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या नावाने आणि कधी काढलं? १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी क्लोज्ड टेस्टिंग (ठराविक माणसांनाच ॲप देऊन चाचणी) लागतं, किमान १२ माणसं, सलग १४ दिवस, आणि मगच सगळ्यांसाठी उघडायचा अर्ज करता येतो. म्हणजे अर्जाच्या तपासणीचा वेळ धरून तुमचे आठ आठवडे नाहीत, पाच आहेत.

मजुरांचे फोटो आणि आधार नंबर घेऊ नका. गरज नाही, आणि २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे. हाक मारायचं नाव पुरे.

---

तापीकाठ · ८ जुलै, रात्री ११:१०

खातं याच वर्षी काढलंय, माझ्या नावाने. २५ डॉलर भरून मोकळा झालो होतो, हे १४ दिवसांचं माहीतच नव्हतं. भाऊ तुम्ही वाचवलंत.

आज तिघांनी बसून यादी भिंतीला लावली आणि रेघा मारल्या. मावसभावाने बोंडअळी ओळखायचं फीचर काढताना बराच वेळ पेन हातात धरून ठेवला होता, त्याने त्यावर तीन आठवडे घालवलेत. मी त्याला म्हटलं ते काम फेकत नाही, बाजूला ठेवतोय. पण खरं सांगू का, ते बाहेर काढल्यावर ॲप उघडायला लागणारा वेळ सहा सेकंदांवरून दीडवर आला, आई काट्यासमोर उभी असताना सहा सेकंद म्हणजे पुढची बाई येऊन थांबते.

ओलीचं असं ठरवलं: वजन काट्यावर दिसेल तेच लिहायचं, पॉइंटसकट. ओल कापायची तर वेगळी ओळ, "ओल: वजा इतके", वजनाला हात लावायचा नाही. कपाशीवाला दादा, चालेल का?

राहिला ताईंचा मुद्दा. तिथे आम्ही अडकलोय. मोठ्या अक्षरात आकडा दाखवायचा, की फोनने बोलायचा, की दोन्ही?

---

कपाशीवाला · ९ जुलै, सकाळी ६:००

चालेल. बोलू द्या फोनला.

---

तापीकाठ · २६ जुलै, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय, माफ करा. कापूस आत्ता नाही, पण गावात एकाकडे हिरवी मिरची तोडणी चालू होती, तिथे पण किलोवरच मजुरी असते आणि तसाच ताणकाटा. तीन दिवस आईला ॲप देऊन मी बांधावर बसलो, मध्ये बोललो नाही. जे दिसलं ते सांगतो.

नावं आम्ही अकारविल्हे लावली होती. आई प्रत्येक वेळी वरखाली सरकवून नाव शोधत होती. बाया रोज साधारण एकाच क्रमाने येतात, घर जवळ असलेली आधी निघते, लहान पोर असलेली सगळ्यात आधी. आता काल ज्या क्रमाने वजन झालं त्याच क्रमाने आज नावं येतात. एवढ्या एका बदलाने एका नोंदीचा वेळ निम्म्यावर आला. यादीत हे सत्तावीसमध्ये कुठे होतं? नव्हतं.

आकडे टाकायला फोनचा नेहमीचा कीबोर्ड दिला होता, मिरचीचे हात आणि डावा अंगठा, ४ च्या जागी ५ पडत होता. आता अर्धा स्क्रीन भरेल असे स्वतःचे आकडे, बाकी काही नाही.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं उन्हात दिसतच नव्हती. आता काळं आणि पिवळं. मावसभावाला रंग आवडत नाहीत पण त्यानेच केले.

आवाज: फोनमधला तयार मराठी आवाज वापरला. तो म्हणाला "अठरा पूर्णांक चार". समोरच्या काकूंनी आईकडे बघून विचारलं, "काय म्हने तो?" आईने सांगितलं अठरा किलो चारशे. म्हणजे फोन बोलला आणि परत आईलाच सांगावं लागलं. आवाज आहे पण काम होत नाही. मला वाटतं हे पहिल्या रिलीजमधून काढावं, नुसता मोठा आकडा ठेवावा. भाषेचं काम मोठं आहे, भीम ॲप पण डिसेंबर २०१६ ला आलं तेव्हा हिंदी आणि इंग्रजीच होतं, मराठी मागून आली.

---

अनेरकाठची · २६ जुलै, रात्री १०:१५

मोठा आकडा आईला वाचता येत नाही, हे मी आधीच लिहिलंय. तुम्ही आवाज काढला तर माझ्या आईपुरतं ॲपमध्ये काहीच राहिलं नाही. बाकीचं सगळं तुमच्या आईचं आहे. रागाने नाही लिहीत, पण जे दोन टोकांचं म्हणत होतात त्यातलं एक टोक तुम्ही दुसऱ्या रिलीजला ढकलताय, आणि दुसरा रिलीज आला तोवर वेचणी संपलेली असेल.

---

रातपाळी · २६ जुलै, रात्री १०:४०

माझं मत ताईंच्या बाजूने. "यावेळी नाही" हा ढीग अवघड कामांसाठी नसतो, गरज नसलेल्या कामांसाठी असतो. अवघड आहे म्हणून काढायचं असेल तर त्याचं सोपं रूप शोधा आधी.

---

शिरपूरचा_अँड्रॉइड · २७ जुलै, सकाळी ११:२०

तयार आवाज सोडा. माणसाच्या आवाजात आकडे रेकॉर्ड करा आणि एकापुढे एक वाजवा. रेल्वे स्टेशनवर गाडी नंबर सांगतात तसंच. इंटरनेट लागत नाही, फाईली पण छोट्या. एक ते नव्याण्णव आणि वर शंभर-दोनशे-तीनशे ग्रॅम, शंभरेक क्लिप. एका दुपारचं काम. फक्त आवाज कुणाचा ते ठरवा.

---

अनेरकाठची · २७ जुलै, रात्री ८:००

आईला विचारलं. आधी लाजली, मग तयार झाली. मोबाईलवर करून बघितलं आम्ही.

एक अडचण आली, तिला सत्तेचाळीस, त्रेपन्न हे शब्द पटकन येत नाहीत. ती विसांनी मोजते. सत्तेचाळीस म्हणजे "दोन इसा नि सात". आमच्याकडच्या जुन्या बाया सगळ्या असंच मोजतात. मी म्हटलं सत्तेचाळीस म्हण, तर म्हणाली मग मालेच समजत नही तं दुसरीले काय समजी. म्हणून तसंच केलं. चालेल का?

---

शिरपूरचा_अँड्रॉइड · २७ जुलै, रात्री ८:२५

चालेल काय, काम कमी झालं! एक ते एकोणीस, मग वीस, दोन इसा, तीन इसा, चार इसा. ग्रॅमसाठी शंभर ते नऊशे. आणि "किलो". १९ अधिक ४ अधिक ९ अधिक १, तेहतीस क्लिप झाल्या. एक गाठोडं शंभर किलोच्या वर जात नाही, म्हणजे पुरतं.

---

जुनीवही · २८ जुलै, सकाळी १०:००

आमचे जुने हमाल विसांनीच मोजायचे. तीस वर्षांनी ऐकलं हे. दुरुस्ती केली की तीही बोलून दाखवा म्हणजे झालं.

---

तापीकाठ · २९ जुलै, रात्री १०:५०

ताई, तुमचं बरोबर होतं. काल तुमच्या फाईली टाकून परत त्याच मिरचीच्या वावरात गेलो. १८.४ टाकलं, फोन बोलला "अठरा किलो चारशे". त्या काकू काही बोलल्या नाहीत, गाठोडं उचललं आणि बाजूला झाल्या. तिसऱ्या बाईचं ४१.२ आलं, फोन म्हणाला "दोन इसा एक किलो दोनशे", तर मागची म्हातारी हसली आणि म्हणाली हाई तं आपलीच बाई शे. आईने दिवसभरात कुणाला एकदाही आकडा परत सांगितला नाही. आणि कपाशीवाला दादा, वादाची भीती होती ना, चौदा वजनांत एकदाच थांबावं लागलं, ते पण गाठोडं जमिनीला टेकत होतं म्हणून.

"नि" चा आवाज राहिलाय, तो जोडला की चौतीस क्लिप. आबा, दुरुस्तीचं पण केलं: आधी जुना आकडा, मग "दुरुस्ती", मग नवा. म्हणजे पस्तीस.

तर पहिल्या रिलीजला हे जातंय: हाक मारायचं नाव, वजन पॉइंटसकट, दर, उचल, ओलीची वेगळी ओळ, दुरुस्ती (जुना आकडा दिसेल अशी), बोलून आकडा, आठवड्याची पट्टी फोटोत, आणि बॅकअप जाणं-परत येणं. यूपीआय नाही, पैसे हातातच देतात. मुकादमाचं लॉगिन नाही. पावरीतले (सातपुड्यातल्या पावरा लोकांच्या बोलीतले) आकडे मला मनापासून पाहिजे होते कारण पाड्यांवरून येणाऱ्या बायांना अहिराणी कळते पण ती त्यांची नाही, फक्त रेकॉर्डिंगला माणूस अजून मिळालेला नाही. तेवढा एक आवाजाचा फोल्डर वेगळा ठेवलाय, मिळाला की टाकता येईल, ॲप बदलावं लागणार नाही.

क्लोज्ड टेस्टिंग ३ ऑगस्टला सुरू करतोय. १२ माणसं लागतात, नऊ झालीत. इथून तिघं पाहिजेत, अँड्रॉइड फोन असलेले, १४ दिवस मध्ये काढून टाकायचं नाही. घरात भाजी, मिरची, भेंडी कशाचीही किलोवर तोडणी चालू असेल तर फार बरं.

---

कपाशीवाला · ३० जुलै, सकाळी ५:५५

एक मी.

---

अनेरकाठची · ३० जुलै, सकाळी ७:१५

एक मी, आईच्या शेजारणीचा फोन धरून दोन. आणि ॲपमध्ये आईच्या आवाजाखाली तिचं नाव टाकायचं असेल तर ते नको, आई नको म्हणते. "नि" आज संध्याकाळी पाठवते, ती वावरात गेलीय.